परळची तिसरी पाळी

गिरगाव

दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला जाणार हे कळल्यावर स्टाफरूममधल्या एकीने दादरहून साडी आणायला सांगितली आणि शेजारच्या वहिनींनी लालबागचा मसाला. मी कशाला चाललेय हे मात्र कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. एका डायलिसिस सेंटरच्या बाहेर ताटकळणाऱ्या माणसांचं गणित करायला चाललेय असं म्हटलं असतं, तर पेपर तपासून तपासून बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असं आमच्या कऱ्हाडात सगळ्यांना वाटलं असतं. परिणाम थोडा झालाही होता. सत्र संपताना मला इतका थकवा आला होता की सुट्टीत फक्त झोपायचं ठरवलं होतं. तेवढ्यात विजयकर सरांचा फोन आला.

सरांनी मला एम.एस्सी.ला रांगांचं गणित शिकवलं होतं. काउंटर एकाहून जास्त, माणसं हवी तेव्हा येणारी आणि घड्याळ ठरावीक तुकड्यांनी पुढे सरकणारं. अशा रांगेत किती जण उरतील, किती काळ उरतील, ते झटपट कसं काढायचं, हा त्यांचा जन्मभराचा विषय. तो पेपर घेणारे आम्ही मोजकेच होतो, आणि पुढे तो विषय सोडला नाही अशी बहुधा मी एकटीच. सर फोनवर म्हणाले की त्यांना डायलिसिस लागलंय, परळच्या एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये जातात, तिथे रांगेचा घोळ आहे, आणि तो सोडवायला माणूस हवंय. बाकी आवाज तोच, जरा पातळ झालेला. घरी ये, म्हणाले.

घरी म्हणजे गिरगावात, असं मी धरून चालले. रविवारी दुपारी टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी सोडली आणि बॅग ओढत आत गेले, तर सरांच्या इमारतीच्या जागी निळे पत्रे. पत्र्यांवर होऊ घातलेल्या टॉवरचं चित्र, चित्रात झाडं आणि सायकल चालवणारं एक गोरं कुटुंब. मी दोनदा गल्ली मागेपुढे केली. शेवटी समोरच्या पूजा-साहित्याच्या दुकानातल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, इमारत पडून वर्ष होऊन गेलं, विजयकर लालबागला गेले, मिसेसच्या भावाच्या जागेत. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "मास्तरांनी तुम्हाला इथे बोलावलं?" मी मान हलवली. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि स्वतःच विजयकर काकूंना फोन लावला.

काकू फोनवर इतक्या ओशाळल्या की मलाच वाईट वाटलं. सर कुणालाही पत्ता सांगताना अजून गिरगावच सांगतात म्हणे. बँकेतसुद्धा.

निघण्याआधी कोपऱ्यावरच्या जुन्या हॉटेलात साबुदाणा वडा खाल्ला आणि पियूष प्यायले. आमच्याकडे हॉटेलात बसलं की शेजारच्या टेबलावरचा माणूस कुठून आलात विचारतो. इथे माझ्याच टेबलावर दोन अनोळखी माणसं येऊन बसली, न बोलता खाऊन उठून गेली, आणि मला ते त्या दिवशी बरं वाटलं. पियूष मात्र फार गोड. अर्धं ठेवलं.

लालबाग

काकूंचं माहेर परबांचं, मूळचं मालवणकडचं. वडील गिरणीत होते. चाळीच्या जागी टॉवर झाला तेव्हा भावाला त्यात घर मिळालं, आणि भाऊ मुलाकडे बंगळुरूला असल्यामुळे ते रिकामं होतं. काकू लग्नाआधी आमच्याच कॉलेजच्या ऑफिसात होत्या. गिरगावातल्या सरांच्या प्रभू जातीच्या घरात लालबागची मुलगी सून म्हणून गेली, त्याची त्या काळी बरीच चर्चा झाली होती असं आम्ही ऐकून होतो. आता तेच सर आपल्या सासुरवाडीला चौदाव्या मजल्यावर खिडकीशी बसले होते. मी त्यांना पंधरा वर्षांनी बघत होते. शर्ट दोन मापांनी मोठा वाटत होता. डाव्या हाताच्या कोपराजवळ, जिथे सुया लावतात तिथली शीर दोरीसारखी फुगून वर आली होती.

"आलीस," ते म्हणाले. "लॅपटॉप आणलायस ना?"

गिरगावच्या पत्र्यांबद्दल मी बोलले नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. आमच्याकडे मासा म्हणजे नदीचा, आणि तोही क्वचित. मी पहिला घास घेतला आणि दिवसभरात पहिल्यांदा मला भूक लागल्याचं कळलं. सरांचं ताट वेगळं. त्यांच्या भाजीतला बटाटा पोटॅशियम उतरावं म्हणून आदल्या दिवसापासून पाण्यात ठेवून, ते पाणी फेकून मग शिजवलेला. पाण्यासाठी एक छोटी वाटी, दिवसाचं पाणी त्या वाटीने मोजून. ते माझ्या भरल्या ग्लासाकडे बघत होते, म्हणून मी ग्लास ताटाच्या पलीकडे सरकवला. काकूंनी तो पुन्हा माझ्यासमोर ठेवला. "पी गो तू. त्यांका आता सवय झाली."

खालच्या गल्लीत मसाल्याच्या गिरण्या. वाऱ्याची दिशा बदलली की भाजलेल्या मिरचीचा खाट चौदाव्या मजल्यापर्यंत येतो आणि घरातले सगळे एकामागून एक शिंकतात. काकू म्हणाल्या की कापडगिरणीचा भोंगा बंद झाल्यापासून आता हेच घड्याळ.

परळ

सोमवारी सकाळी आम्ही तिघं टॅक्सीने सेंटरला गेलो. परळच्या त्या भागात हॉस्पिटलं जवळजवळ आहेत आणि फुटपाथवर बाहेरगावची माणसं. चादरीची बोचकी, पाण्याच्या बाटल्या, एक्स-रेची मोठी पाकिटं उशाला. दुकानंही त्याच कामाची: व्हीलचेअर, कुबड्या, औषधं, आणि मध्ये इडलीवाले. कुणी घाईत नव्हतं. एवढ्या मुंबईत घाई नसलेली माणसं मी तिथेच पाहिली.

सेंटर दुसऱ्या मजल्यावर. दहा मशीनं, दिवसाला तीन पाळ्या. एकदा माणूस मशीनवर लागला की चार तास तिथून उठत नाही. ज्यांची जागा पक्की आहे ते आठवड्यातून तीनदा आपापल्या पाळीला येतात. सरांची पाळी सकाळची, सोमवार-बुधवार-शुक्रवार. पण बाहेरच्या बाकड्यांवर आणखी माणसं बसलेली असतात, ज्यांना पक्की जागा मिळालेली नाही. नेहमीचा कुणी आला नाही तर त्या दिवशी त्या मशीनवर यांच्यातला एक जण लागतो. नाहीतर ते परत जातात. आणि पक्की जागा कधी रिकामी होते, ते तिथे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

सर आत गेले. इनचार्ज कांबळे सिस्टर बोलायला तुटक पण सरळ होत्या. सरांनी ट्रस्टच्या सेक्रेटरींची परवानगी आधीच मिळवली होती. सिस्टरनी नावं काढून टाकलेली, फक्त राहण्याचा भाग ठेवलेली सहा महिन्यांची हजेरी मला पेनड्राइव्हवर दिली. त्या म्हणाल्या, मॅडम, हिशोब करून काय होणार, मशीनं तेवढीच राहणार. मी म्हटलं, बघू. त्यांच्या आवाजातला कंटाळा मला ओळखीचा होता. माझ्या वर्गात मी तशीच बोलते.

बाकड्यावर माझ्या शेजारी तिशीतली एक बाई बसली होती. चेहरा सुजलेला, पायात चपला सैल करून घातलेल्या, केसांत मात्र ताज्या शेवंतीचा गजरा. तिचं नाव भारती. दादरच्या फुलबाजारात तिचा फुलांचा ओटा होता. ती आधी जायची ते सेंटर बंद पडलं आणि तेव्हापासून ती इथे यायची. कधी आठवड्यातून दोनदा मशीन मिळे, कधी एकदाच. एकदाच मिळालं की रात्री आडवं झाल्यावर दम लागतो, मग भिंतीला टेकून बसायचं. हे तिने भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. त्या सकाळी दहाही मशीनं भरली. पुढे दुपारच्या पाळीत एक जागा रिकामी झाली, ती भारतीच्या आधी बसलेल्या गृहस्थांना गेली. भारती उठली, चपला नीट केल्या, काकूंना म्हणाली, "काकांना विचारलंय म्हणून सांगा," आणि गेली.

सर बाहेर आले ते काकूंच्या खांद्याला धरून. टॅक्सीत त्यांनी डोळे मिटले. लालबाग येईपर्यंत फक्त एकदा बोलले. भारतीला मिळालं का, असं विचारलं. काकूंनी मान हलवून नाही म्हटलं.

दुपारी सर झोपले आणि मी कामाला लागले. घरून एक प्रोग्राम लिहून आणला होता. त्यात प्रत्येक पेशंट वेगळा, प्रत्येकाचं येणं वेगळं, प्रत्येक मशीनची किती मिनिटं उरलीत त्याची नोंद. असं मिनिटामिनिटाने पुढे जात काही वर्षांचं सेंटर लॅपटॉपमध्ये चालवायचं, आणि कोण किती थांबलं ते मोजायचं. लॅपटॉप तापला, पंखा घरघरू लागला. काकूंनी स्वयंपाकघरातून येऊन हा फुटणार तर नाही ना, असं विचारलं. उन्हं उतरली तरी पहिलंच गणित चालू होतं, आणि मला अशी वीसेक गणितं वेगवेगळ्या मांडणीने करायची होती.

सर उठले, उशीला टेकून बसले आणि माझी ती तारांबळ थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी मिनिटं कशाला मोजतेयस, असं विचारलं. मी म्हटलं, मशीन कधी मोकळं होणार ते कळायला हवं.

"चार तास कुणी उठतच नाही ना," सर म्हणाले. "मग मध्ये काय बघायचंय? पाळी सुरू होताना बाहेर किती उरले, तेवढंच बघ."

त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं, मधे मधे थांबत. कोण उरलं ते नको, किती उरले ते पुरे. एकही न उरण्याची शक्यता किती, एक उरण्याची किती, दोन उरण्याची किती, अशी आकड्यांची एक ओळ मांडायची. मशीनं किती रिकामी पडतील याच्या शक्यता हजेरीवरून मिळतात, नवीन किती येतील त्याच्याही. त्या वापरून सकाळची ओळ दुपारच्या पाळीत न्यायची, दुपारची संध्याकाळच्या, संध्याकाळची दुसऱ्या सकाळच्या. असे दिवस फिरवत राहिलं की थोड्या वेळाने ओळ बदलायची थांबते. थांबली की उत्तर. मला हे सगळं माहीत होतं. त्यांनीच शिकवलेलं, आणि मीही मुलांना शिकवते. पण हातात वेगवान लॅपटॉप आल्यापासून विचार करायचा आळस केला होता, एवढंच.

नवीन प्रोग्राम जेमतेम पानभर झाला. चालवला आणि काकूंनी चहाचं आधण ठेवलं होतं ते उकळायच्या आत उत्तर समोर होतं. मी लॅपटॉप सरांकडे फिरवला. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला असं काकू मला नंतर म्हणाल्या. त्या वेळी मला वाटलं होतं की तो गणिताचा आनंद आहे.

मग ते म्हणाले, "आता नेहमीच्यातला एक माणूस कमी करून बघ. सकाळची पाळी, सोमवार-बुधवार-शुक्रवार. त्याच्या जागी बाहेरच्यांतला एक पक्का कर."

मी उद्या करते म्हटलं. डोळे मिटत होते.

दादर

मंगळवारी सकाळी सर झोपलेले असताना मी ते करायला बसले. वारांच्या तीन चौकटी होत्या. पहिल्यात सकाळच्या पाळीचा आकडा एकाने कमी केला, दुसऱ्यात केला, आणि तिसऱ्या चौकटीत शुक्रवार लिहिताना माझा हात थांबला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी. मी ज्या माणसाला गणितातून काढत होते तो पलीकडच्या खोलीत झोपला होता.

मग गणित पुरं केलं, कारण अर्धवट ठेवलं असतं तरी ते मनात चालूच राहिलं असतं. फरक पडत होता. बाकड्यावरून रिकाम्या हाती परत जाणाऱ्यांची संख्या चांगलीच खाली येत होती. सरांनी हे उत्तर मनातल्या मनात आधीच काढलं असणार. त्यांना फक्त दुसऱ्या कुणीतरी ते काढून हातात द्यायला हवं होतं.

काकू मटार सोलत होत्या. त्यांना काही सांगायचं धैर्य झालं नाही. दादरला साडी घ्यायची आहे असं सांगून बाहेर पडले.

साडीच्या दुकानात शिरलेच नाही. पाय फुलबाजाराकडे वळले. जमिनीवर ओल्या पानांचा चिखल, वर झेंडूच्या राशी, आणि डोक्यावर पाट्या घेऊन वाट मागणारे हमाल. एकाची पाटी माझ्या खांद्याला लागली आणि निशिगंधाच्या काड्या माझ्याच ओढणीत अडकून माझ्यासोबत पुढच्या ओट्यापर्यंत आल्या. मी त्या परत नेऊन दिल्या तर हमाल माझ्याकडे बघतच राहिला. कऱ्हाडच्या मंडईत यावरून अर्धा तास गप्पा झाल्या असत्या.

भारतीचा ओटा विचारत विचारत सापडला. ती गजरे ओवत होती, शेजारी तिची सासू शेवंती निवडत होती. मला बघून तिला नवल वाटलं, पण तिने विचारलं नाही. बसायला पोतं दिलं आणि चहा मागवला. स्वतः घेतला नाही. तिलाही पाणी मोजूनच.

मला तिच्याशी काय बोलायचं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून कामाचं विचारलं. बाजार कधी सुरू होतो, कधी संपतो. ती म्हणाली, पहाटे उजाडायच्या आधी माल येतो, खरा धंदा सकाळीच, दुपारनंतर उरलेलं विकायचं. डायलिसिसच्या दिवशी सकाळ बुडते. सासूला नजरेचा त्रास, गिऱ्हाईक तिला फसवतं. मग मी विचारलं, संध्याकाळी काय करता?

"संध्याकाळी काय, घरीच असते ना ताई. नायगावला. का?"

"तिसऱ्या पाळीला कधी गेलात का?"

नव्हती गेली. सकाळी येऊन नाव सांगायचं, असं तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सगळे सकाळीच येतात. दुपारची पाळी भरली की सगळे निघतात. संध्याकाळपर्यंत बसून राहायचं बळ कुणात नसतं.

मी पोत्यावरून उठले ते चहा अर्धा ठेवूनच. सिस्टरनी दिलेल्या हजेरीत तिन्ही पाळ्यांचे आकडे होते. मी ते गणितात घातलेही होते. पण तिसऱ्या पाळीच्या ओळीकडे नीट बघितलं नव्हतं, कारण माणसं ताटकळतात ती सकाळी, आणि माझं सगळं लक्ष तिथे. शिवाय बाकड्यावर उरलेला माणूस पुढच्या पाळीपर्यंत थांबतो, असं मी गृहीत धरलं होतं. माणसं थांबत नव्हती, दुपारीच घरी जात होती.

लालबागला येऊन तेवढं दुरुस्त केलं. तिसऱ्या पाळीला गैरहजेरी सगळ्यांत जास्त होती. लांब राहणाऱ्यांना रात्री परतायला उशीर होतो, म्हणून ते पुष्कळदा येतच नाहीत. दोन-दोन, तीन-तीन मशीनं संध्याकाळी रिकामी, आणि त्या वेळी बाकडी पण रिकामी. सकाळच्या सिस्टर घरी गेलेल्या, संध्याकाळच्या सिस्टरना सकाळी कोण परत गेलं ते माहीत नाही. जवळ राहणाऱ्यांना थेट संध्याकाळी बोलावलं तर काय होतं, ते मी मांडून पाहिलं. सरांना काढून जेवढा फरक पडत होता त्याच्याहून जास्त पडला. चूक झाली असेल म्हणून पुन्हा केलं. तेच आलं.

संध्याकाळी सर खिडकीशी बसले असताना मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि दोन्ही उत्तरं दाखवली. पहिलं लपवलं नाही. काकू तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी फक्त आकड्यांबद्दल बोलले. एक माणूस कमी केला तर हे, आणि कुणालाही कमी न करता, चार जणांना संध्याकाळी बोलावलं तर हे. भारती संध्याकाळी येऊ शकते हेही सांगितलं.

सरांनी दोनदा वाचलं. एक शंका काढली, ती बरोबर होती, पण तिने उत्तर बदलत नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं ते खूश होतील. त्यांचा चेहरा एखाद्याची सुट्टी नामंजूर व्हावी तसा झाला.

"म्हणजे माझी गरज नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही सर. भारतीसाठी तरी नाही.

काकूंच्या हातातली घडी तशीच राहिली. खालून मिरचीचा खाट आला आणि मला शिंक आली, ती मी दाबली.

"मग खरं सांगतो," सर म्हणाले. "मी दमलोय, माधुरी. एक दिवस तिथे जातो, दुसरा दिवस त्यातून उठण्यात जातो, की लगेच तिसरा. त्या मुलीला जागा मिळेल म्हटलं तर हे सगळं थांबवायला बरं कारण होतं."

आम्ही दोघांनी मिळून त्यांचं कारण काढून घेतलं होतं, मी आणि त्यांनी शिकवलेल्या गणिताने. मी काकूंकडे बघितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. हातातली चादर घडी करून बाजूला ठेवली, सरांच्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दमलंत, ह्या माका कधी सांगितलंत?"

सर म्हणाले, तुला काय सांगायचं, तूही दमलीयस.

"हां. दमलंय," काकू म्हणाल्या. "पण माका इचारल्याशिवाय माझा मोकळा होणा कोणी ठरवूचा नाय."

त्या रागाने बोलल्या नाहीत, पण सरांनी मान खाली घातली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना मटार धुतले. आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही, नुसता आवाज, कधी काकूंचा, कधी सरांचा. जेवताना काकूंनी मला सांगितलं की उद्या सर डॉक्टरांशी स्वतः बोलणार आहेत. डायलिसिस बंद करायचं म्हटलं तर बंद, पण डॉक्टरांसमोर, आणि काकूंसमोर.

पुन्हा परळ

बुधवारी माझी कऱ्हाडची बस दुपारी दादरहून होती. बॅग घेऊनच सेंटरला गेले. सर मशीनवर लागले आणि डॉक्टर राउंडला आल्या तेव्हा काकू आत गेल्या. मी कांबळे सिस्टरना आकडे दाखवले. त्यांनी तिसऱ्या पाळीची ओळ बोटाने वाचली आणि म्हणाल्या की संध्याकाळी एखाद-दुसरं मशीन रिकामं असतं हे ऐकून होते, इतकी असतील असं वाटलं नव्हतं. निर्णय त्यांच्या हातात नव्हता. सेक्रेटरींना विचारावं लागणार, संध्याकाळच्या स्टाफला एक फोन वाढणार, आणि स्टाफ आधीच कमी. पण बाकड्यावर भारती होती. सिस्टरनी तिला बोलावून सांगितलं, आज घरी जा, दुपारी फोन करते. भारतीने माझ्याकडे बघितलं. आनंद झाला असावा, पण आधी तिने विचारलं की फोन नाही आला तर? सिस्टर म्हणाल्या, तर शुक्रवारी सकाळी पहिलं नाव तुझं.

थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. डॉक्टर स्टूल ओढून सरांच्या बाजूला बसल्या म्हणे. बंद करायचा हक्क तुमचा आहे, म्हणाल्या, त्याबद्दल आपण नीट बोलू, पण आधी मला सांगा की नक्की काय सोसवत नाही. सरांनी पोटऱ्यांत येणारे गोळे सांगितले, दुसऱ्या दिवशीची चक्कर सांगितली. इतक्या महिन्यांत हे त्यांनी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. तक्रार करणाऱ्यांमुळे रांग अडते, असं त्यांना वाटायचं. डॉक्टरांनी एका वेळी अंगातलं पाणी किती ओढायचं ते बदललं, औषधं बदलली, आणि एक महिना मागितला. महिन्यानंतर पुन्हा बसून बोलायचं.

"काय म्हणाले सर?"

"बरां, म्हणाले. महिनो काढतंय म्हणाले."

त्या महिन्यानंतर सरांनी आणखी एक महिना दिला, हे मला हे लिहिताना माहीत आहे. गोळे कमी झालेत, थकवा आहेच. भारतीला त्या बुधवारी फोन आला. आता तिला संध्याकाळची पक्की जागा आहे, आणि दर खेपेला ती कांबळे सिस्टरसाठी टेबलावर गजरा ठेवून जाते असं काकू सांगतात. सकाळच्या बाकड्यांवर मात्र पुन्हा माणसं आहेत. इथे मशीन मिळतं असं कळल्यावर वडाळ्याहून, भायखळ्याहून नवीन लोक यायला लागले. माझ्या गणितात ते नव्हते. आता ते घालून पुन्हा मांडायला हवं, आणि येत्या सुट्टीत मी ते करणार आहे.

पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. काकूंनी डब्यातून आणलेली घावनं आम्ही दोघींनी बाकड्यावर बसून खाल्ली. मी निघते म्हटलं, त्या हो म्हणाल्या, डब्याचं झाकण लावलं आणि लावता लावता त्यांचे डोळे मिटले. आधी मान झुकली, मग सगळं अंग माझ्याकडे कललं. डोकं माझ्या खांद्यावर आलं, हातात डबा तसाच. इतकी गाढ झोप मी मोठ्या माणसाला भरदिवसा लागलेली पाहिली नव्हती. समोरून लोक येत-जात होते, सिस्टर नावं पुकारत होत्या, त्यांना काही कळत नव्हतं.

बसवाल्याचा दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा मी हळूच उचलला आणि सांगितलं, तुम्ही निघा. मग डबा काकूंच्या हातातून अलगद काढून घेतला, खांदा त्यांना नीट टेकता येईल असा केला, आणि सरांचे चार तास संपेपर्यंत हललेच नाही.